बिनबशीचा कप

टायटॅनिकचं शेवटचं खोकं शेजारच्या रंगूकाकूंच्या माडीवर पोचलं, तेव्हा कुठे ऋषिराजचा जीव भांड्यात पडला. जहाज बुडाल्याला शंभर वर्षं झाली तेव्हा निघालेली नाणी, तिकिटं, ताटल्या, चित्रं, त्याने हौसेने जमवलेलं सगळं गेलं. माधवनगरचं त्याचं घर आता चारचौघांच्या घरासारखं दिसत होतं.

"असलं अभद्र घरात मांडून आधीची दोन स्थळं घालवलीस," आई म्हणाली. "हे तरी टिकू दे रं."

ते टिकावं असं ऋषिराजलाही वाटत होतं, अगदी मनापासून वाटत होतं. मागच्या रविवारी साताऱ्याला तो अंकिताला बघायला गेला आणि ती त्याच्या मनात भरली. ती बोलली थोडंच, पण सरळ बोलली. तिच्या घरची बैठक मात्र अगदीच ओकीबोकी. काचेच्या कपाटात एकटा गणपती आणि भिंतींवर नुसते खिळे. त्याची नजर तिकडे गेली तसे तिचे वडील, रिटायर सुभेदार जोतीराम, घाईने म्हणाले, "रंग द्यायचा हाय."

मध्यस्थ भाऊसोंनी तर आधीच बजावून ठेवलं होतं. "माणसं लय वास्तू बघणारी हायत गड्या. बुडतं जहाज दिसलं तर चहालाबी थांबायची न्हाईत."

आज ती मंडळी घर बघायला आली. येणार होते चौघं. अंकितासकट आत्या, चुलते, मामा धरून जीप भरून आली. घर सगळ्यांच्या पसंतीला उतरलेलं दिसलं. मामांनी तर उसाचा विषय काढला, म्हणजे सोयरीक जवळजवळ जमलीच.

मग चहा आला आणि ऋषिराजची नजर ट्रेवर खिळली. कप कमी पडले म्हणून आईने मांडणीवरचा एक जास्तीचा घेतला होता. तो नेमका त्याचा रोजच्या चहाचा कप, चार धुराड्यांचं जहाज आणि खाली ठसठशीत नाव. ऑनलाइन लिलावात मिळालेला. त्याची बशी ऐनवेळी दुसऱ्याच कुणीतरी चढी बोली लावून पळवली होती आणि त्या माणसाच्या नावाने तो अजून बोटं मोडायचा.

कप गेला सुभेदारांच्या हातात. त्यांनी सवयीने चहा फुलाफुलांच्या बशीत ओतला आणि रिकामा कप तिपाईवर ठेवला. जहाज सगळ्यांच्या समोर आलं.

सुभेदार कपाकडे बघत राहिले. मग त्यांनी लेकीकडे बघितलं. अंकिताने मान खाली घातली. मामांचा ऊसही थांबला. संपलं, ऋषिराजला वाटलं.

सुभेदारांनी चहा संपवून मिशा पुसल्या. "तुमी दोघं जरा अंगणात जाऊन बोलून घ्या."

निदान तोंडावर नकार आला नव्हता. तेवढ्यानेही त्याला हायसं वाटलं. कढीपत्त्याच्या झाडाखाली उभं राहिल्यावर त्याने ठरवलं, आता लपवाछपवी बास.

"तो कप माझाच आहे," तो म्हणाला. "शेजारी माडीवर खोकी भरून आहे तसलं. भाऊसो म्हणाले, तुमच्याकडं वास्तू लय बघतात."

"आमालाबी त्यांनी तुमच्याबद्दल हेच सांगितलं." अंकिता पहिल्यांदाच हसली. "त्या कपाची बशी माझ्याकडं हाय."