ओली कॉलर

"जरा येऊन जा," असा बालवाडीच्या बाईंचा फोन आला आणि मागची तक्रार आठवत बाबा बालवाडीत पोचला. मागच्या वेळी चार वर्षांच्या भिंगरीने एकाला धपाटा घालून वर ऐकवलं होतं, "एकदा सांगितलेलं कळत नाही?" वाक्य बाबाचंच होतं.

"आज हिचा ठोकळ्यांचा मनोरा एकाने पाडला," बाई म्हणाल्या. "हिने हात उगारला..."

बाबाने मान खाली घातली.

"...आणि तशीच नळाकडे पळाली! तोंडावर पाणी मारून आली नि त्याला म्हणाली, 'चल, पुन्हा बांधू.' हे कुठे शिकली हो?"

"बाबा तर दिवसातून दहादा तोंड धुतो!" भिंगरी खिदळली.

बाबाने हसत ओली कॉलर सारखी केली. फोन ठेवल्या ठेवल्या तो आधी बेसिनपाशीच धावला होता.