कड्या काढलेला ट्रेलर

सुनेने पिकअपचा ब्रेक दाबला आणि मागे ट्रेलरचा डावा इंडिकेटर लागला. मग तिने उजव्या वळणाची खूण दिली, तेव्हा काहीच लागले नाही.

"आई, हा माझं ऐकत नाही," ती खिडकीतून म्हणाली.

"या घरात ऐकायची सवय लागायला वेळ लागतो," माई म्हणाल्या. "तुलाही लागला होता."

पण वेळच तर हाताशी नव्हता. शेजारच्या बागेत उद्या सकाळी विषारी औषधाची फवारणी व्हायची होती, आणि माईंच्या मधमाश्या त्याच बागेत चरत. माश्या दिवस मावळल्याशिवाय पेटीत परतत नाहीत. म्हणून पेट्या डोंगरापलीकडे हलवायच्या त्या अंधार पडल्यावर, आजच. डोंगरातल्या रस्त्यावर मागून लाकडाचे ट्रक सुसाट येतात. तिथे दिव्यांवाचून ट्रेलर न्यायचा म्हणजे माश्या वाचवायला सून पणाला लावायची. गावातला वायरमन 'आलोच' म्हणाला होता, आणि त्याचे 'आलोच' सकाळपासून चालू होते.

"आई, मी बघू का?"

जावई पुढच्या ओट्यावर उभे होते. लष्कराच्या वाहनांच्या कारखान्यात त्यांची हयात गेली होती. परंतु माईंच्या घरी जावई म्हणजे पाहुणा. तो पुढच्या दाराने येई, खुर्चीवर बसे, पुढच्या दाराने जाई. लेकीच्या लग्नाला पंचवीस वर्षे झाली, पण माईंनी त्यांना या घरात पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू दिला नव्हता.

"आपण बसा, जावईबापू. कपडे मळतील."

"कपडे धुता येतात."

माईंनी पिकअपमध्ये बसलेल्या सुनेकडे पाहिले. मग आवारातल्या पेट्यांकडे.

"बघा," त्या म्हणाल्या.

जावयांनी पॉलिश केलेले बूट पुढच्या दाराशी काढले, मागच्या दारच्या मेव्हण्याच्या रबरी चपला पायांत सरकवल्या आणि ट्रेलरच्या दांड्यापाशी उकिडवे बसले. ट्रेलर लष्कराच्या लिलावातला होता. त्याचा बारा पिनांचा जाडजूड प्लग कापून माईंच्या, सध्या परगावी असलेल्या मुलाने साध्या गाडीचा सात पिनांचा बसवला होता. सगळ्या तारा काळ्या, एकीला झाकावे नि दुसरीला काढावे अशा.

"लष्करी तार रंगावरून ओळखत नाहीत," जावई म्हणाले. "प्रत्येकीच्या टोकाला नंबर कोरलेली कडी असते. या कड्या काढायला कोणी सांगितलं?"

सून स्टिअरिंगकडे पाहू लागली.

"मी सांगितलं," माई म्हणाल्या. "गंजल्या होत्या. दिसायला बरं नव्हतं."

जावयांनी मान खाली घातली. हसू लपवण्याची त्यांची ती जुनी रीत होती.

"मग आता एकेक तार बॅटरीला लावून बघावी लागेल. मागे कोणता दिवा लागतो ते सांगायला माणूस हवा."

सून उतरू लागली. "तू बस," माई म्हणाल्या, पदर खोचून ट्रेलरच्या मागे गेल्या आणि उभ्या राहिल्या.

"डावा," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने, "ब्रेक." मग, "उजवा. नीट लावा, थरथरतोय."

"हो, आई."

इतकी वर्षे त्या दोघांत 'प्रवास कसा झाला' आणि 'अजून थोडं वाढू का' याखेरीज बोलणे झाले नव्हते. आज एकेका शब्दावर काम पुढे सरकत होते.

"आता?"

"काही नाही."

"वाकून बघा. खाली, कोपऱ्यात."

माई गुडघ्यावर हात ठेवून वाकल्या. पत्र्याच्या झापडीखाली नखाएवढा दिवा मिणमिणत होता. लष्करी गाडीच्या चोवीस व्होल्टचा त्याचा बल्ब कोणी बदललाच नव्हता, म्हणून साध्या बॅटरीवर तो अधिकच मंद होता.

"हा कसला?"

"युद्धातला. मोठे दिवे बंद करून रात्री गाड्यांची रांग निघते, तेव्हा हा लावतात. शत्रूला लांबून दिसत नाही. मागून येणाऱ्या आपल्या माणसाला मात्र दिसतो, तोही जवळ असला तरच. आपल्या गाडीला त्याचा उपयोग नाही. सोडून देतो."

"सोडू नका. टेल दिव्याच्या तारेला जोडा."

"बरं." त्यांनी ती तार जोडायला घेतली. "त्या कड्या टाकून दिल्या असतील ना?"

माई आत गेल्या आणि बटणांचा डबा घेऊन आल्या. कड्या त्यात होत्या, घासून लख्ख केलेल्या. जावयांनी ज्या तारेची जी कडी ती तिच्यावर ओवली आणि एकेक तार जिथल्या तिथे जोडली. सुनेने ब्रेक दाबला. ब्रेकचेच दिवे लागले.

"ऐकलं बाई याने एकदाचं," सून म्हणाली.

दिवस मावळला. गुणगुण पेट्यांत शिरून शांत झाली. दारे जाळीने बंद करून पेट्या चढवल्या, दोर आवळले. सुनेसोबत आपणच जातो, असे जावयांनी परस्पर ठरवून टाकले होते. कोपरापर्यंत काळे झालेले हात त्यांनी चिंधीला पुसले.

"आई, परत आल्यावर आज या घरचं जेवण गोड लागेल मला," ते म्हणाले आणि चपलांसकट पिकअपमध्ये चढले.

ट्रेलर हलला, तशा माई त्याच्यामागे फाटकापर्यंत चालत गेल्या. तिथवर तो छोटा दिवा दिसत होता.

परत येताना पुढच्या दाराशी त्या थांबल्या. जावयांचे बूट तिथेच होते. माईंनी ते दोन्ही हातांनी उचलले, घराला वळसा घालून मागच्या दाराशी नेले आणि घरच्यांच्या चपलांच्या रांगेत नीट लावून ठेवले.