चौथा मैल

“रिकामी गाडी, वर येतेय, मैल चार,” आर्वोने रेडिओचं बटण दाबून सांगितलं. ओंडक्यांच्या ट्रकांच्या या एकेरी रस्त्यावर वर जाणाऱ्याने ‘रिकामी’ म्हणून आपला मैल कळवायचा असे.

“भरलेला ट्रक, खाली येतोय, मैल अकरा,” पलीकडून आवाज आला.

मार्ताने ब्रेक दाबला. “बाबा, आत्ता नऊची पाटी गेली.”

“पाट्या मागाहून ठोकल्या. इथे आधी लाकूड वाहणारी रेल्वे होती. आम्ही लाकूडगिरणीच्या तळ्यापासून मोजायचो. तळ्यापासून चार.”

“आम्ही म्हणजे कोण? त्यातलं आता उरलंय कोण?”

ऐंशीच्या आर्वोने रेडिओ मुठीत घट्ट धरला.

ट्रकवाल्याच्या हिशेबाने मध्ये सात मैल होते. खरे दोनच. मार्ताने त्याच्या हातातून रेडिओ ओढला. “नऊ! आम्ही नऊवर आहोत!” नुसती खरखर. दोन्ही बाजूंना फोडलेला कातळ, मधला रस्ता एका इंजिनापुरता. बाजूला होण्याची जागा दोनशे पावलं मागे राहिली होती, आणि गाडीला झोपायचा ट्रेलर जोडलेला.

“उतरा. मागे जाऊन हात दाखवा.”

मार्ता आरशात बघत गाडी मागे घेऊ लागली. कातळ संपला, एका बाजूला दरी सुरू झाली. आर्वो एका पायाने रस्त्याची कड चाचपत चालला होता.

“डावीकडे, पोरी! डावीकडे! तुझी आई बरी चालवायची.”

“आई गाडी कधी मागे घेतच नव्हती!”

ट्रेलर तिरका झाला. ती पुढे आली, पुन्हा मागे. वरून ट्रकची घरघर ऐकू येऊ लागली. आधी बारीक, मग काचा थरथरण्याइतकी.

“अजून! अजून ये! बास!” ट्रेलरसकट गाडी कडेच्या जागेत शिरली.

ट्रक भोंगा वाजवत वळणावरून आला. ओंडके हातभर अंतरावरून गेले. गाडीचा आरसा खाडकन मिटला. धूळ बसली तेव्हा आर्वो ट्रेलरला पाठ चिकटवून उभा होता.

रेडिओ बोलला. “चार कोण म्हणालं?”

“मी,” मार्ता म्हणाली.

“मघाशी घसा फारच बसला होता, बाईसाहेब. सांभाळा. माझ्यामागे अजून दोन भरलेले आहेत.”

आर्वो आत येऊन बसला. बराच वेळ त्याने दार ओढून घेतलं नाही. समोर बघतच तो म्हणाला, “मार्ता, पाटी आली की मला वाचून सांगत जा.”