बोटीवर गेलेली पेटी

"पासपोर्ट?" काउंटरवरच्या बाईने हात पुढे केला.

कुलूपवाल्याच्या बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. तो ऐटीत म्हणाला, "एकदम सुरक्षित आहेत. पेटीत."

"आणि पेटी?"

पेटी कुठे असणार! धक्क्याच्या दारातच हमालाने ती गाड्यावर चढवली होती. बाकी सगळ्यांच्या चाकांच्या बॅगा आणि त्यांत ही लोखंडी पेटी. हमाल हसला तेव्हा बायकोला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. एव्हाना पेटी बोटीत, त्यांच्या खोलीच्या दाराशी पोचली असेल, आणि तिला कुलूप होतं खुद्द कुलूपवाल्याच्या हातचं.

बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा गेल्या वर्षीच बायकापोरांना घेऊन अशा बोटीने फिरून आला होता. त्याने फोन करकरून बजावलं होतं. उलटीच्या गोळ्या जवळ ठेवा. पहिल्याच दिवशी जेवणावर तुटून पडू नका. बाकी काही विसरलात तरी चालेल, पण कागदपत्रं हातातल्या पिशवीत ठेवा, मोठं सामान दारातच काढून घेतात. "साडूला कोण विचारतंय?" कुलूपवाला म्हणाला होता. "पिशवी काय, कोणीही हिसकावेल. माझं कुलूप कोणाच्या बापाला उघडायचं नाही."

लेकीने तेवढा आपला पासपोर्ट बापाशी भांडून स्वतःच्या पर्समध्ये ठेवला होता. बोट शेवटच्या बंदराला लागली की ती तिथूनच परदेशी नोकरीवर जाणार होती. परत कधी, ते कंपनीलाच ठाऊक. आईने जन्मात एकच हट्ट धरला होता: जायच्या आधी चार दिवस पोरगी माझ्याजवळ हवी, आणि ते चार दिवस मला स्वयंपाकघराचं तोंड बघायचं नाही.

"मी जाते वर," लेक म्हणाली. "पासपोर्ट काढून आणते. किल्ली द्या, बाबा."

"जाते काय म्हणतेस? येते म्हण," आईच्या तोंडून सवयीने निघालं.

काउंटरवरच्या बाईने घड्याळ पाहिलं. "पळा. दार बंद व्हायला आलंय."

पण कुलूपवाला हलेल तर शपथ! "मलाच सोडा ना आत. हा गेलो आणि हा आलो."

"कागदांशिवाय नाही."

"अहो बाई, नुसत्या किल्लीने उघडत नाही ते!"

"मग कशाने उघडतं?"

त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि कमरेचा किल्ल्यांचा जुडगा मुठीत झाकला.

घरासाठी केलेल्या कुलपांत त्याने एक खुबी ठेवली होती आणि ती त्याच्याशिवाय कोणालाही ठाऊक नव्हती. बाईच्या पोटात गोष्ट राहत नाही, असं त्याचं म्हणणं. पोरगी तर काय, आज ना उद्या परक्या घरची. कपाटातून साधी चादर काढायची तरी बायको मागे उभी राहायची आणि तो पाठ करून, हात झाकून कुलूप उघडायचा. लग्न झाल्यापासून हे असंच चाललं होतं, आणि तिलाही त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

"अहो, सांगा तिला!"

"सांगतो. वर पोचू दे. फोनवर सांगतो." त्याने कमरेचा जुडगा काढला. एक किल्ली वेगळी करायला गेला, तर कडी हटेना. कडीही त्याच्याच हातची. शेवटी त्याने अख्खा जुडगा लेकीच्या हातात दिला. "येते, येते!" म्हणत ती धावली. मागे वळून पाहायला तिला सवड कुठली!

फोन वाजला. "बाबा, पेटी मिळाली! किल्ली नुसती फिरतेय!"

तो भिंतीकडे वळला आणि तोंडावर हात धरून कुजबुजला, "किल्ली अर्धी..."

"काय? इथे बँड वाजतोय! मोठ्याने बोला!"

"अर्धी..." तो आणखी कोपऱ्यात सरकला.

"बाबा, ऐकू येत नाही!"

बायकोने त्याचा हात तोंडावरून ओढून काढला. "ओरडा की हो! पाया पडते तुमच्या!"

तेव्हा कुठे तो ओरडला. "अर्धी उलटी फिरव! खालचा खिळा अंगठ्याने दाब! दाबून धर, आणि मग सुलटी!" फरशी पुसणाराही हात थांबवून बघत राहिला.

"उघडलं!" लेक किंचाळली.

बाजी मारल्यासारखं त्याने बायकोकडे पाहिलं. आणि ती वेडी, पिशवी छातीशी धरून दाराकडे पळत सुटली.

दाराला साखळी लागली होती. "शिडी काढली," काउंटरवरची बाई हळूच म्हणाली. "आता नाही."

फोनमध्ये लेक कोणाशी तरी हुज्जत घालत होती. मग रडत होती. मग भोंगा वाजला, फोनमध्येही आणि बाहेरही, आणि त्यात तिचा आवाज बुडाला. काचेपलीकडून बोटीच्या खिडक्या एकेक करून सरकायला लागल्या. बायको प्रत्येक खिडकीला हात हलवत राहिली. त्यांतली लेकीची कुठली, हे तिला कळायला मार्ग नव्हता.

बोट दिसेनाशी झाल्यावर ती बाकावर येऊन बसली. तिच्या डोळ्यांत पाणीसुद्धा येईना.

"खालचा खिळा दाबायचा होय?" ती म्हणाली. "कपाटालाही हेच?"

"हो."

"आणि घराच्या दाराला?"

"दारालाही तेच," तो म्हणाला. त्याचा हात कमरेशी गेला, आणि तिथेच राहिला.

तिने ते पाहिलं.

"काहीतरी करू," तो पुटपुटला. "फोडू."

"कसं फोडणार?" ती म्हणाली. "तुमचं कुलूप कोणाच्या बापाला उघडायचं नाही."