दसऱ्याचा रंग

"तू बसवलेली स्टार्टर मोटर डुप्लिकेट हाय," म्हणत शिदूतात्यांनी चारचौघांत माझी अब्रू काढली. गुडघा गेल्यापासून त्यांना किक मारता येत नव्हती. स्टार्टर चालला नाही, तर पोरगा त्यांची जुनी मोटरसायकल भंगारात घालणार होता.

मी चिडून मोटर खोलली. आत सगळं ठणठणीत होतं. परत बसवून बटण दाबलं, तर नुसतं टक-टक. माझं डोकं फिरलं. मग बॅटरीची अर्थिंगची वायर सोडवली. तिच्याखाली चेसीवर चकचकीत काळा रंग होता. त्यातनं करंट जाणार कसा?

"तात्या, हे कुणी रंगवलं?"

"मी. वायरी सोडून नीट रंगवलं. दसऱ्याच्या पूजेला गाडी उजळ नको?"

तोंडातल्या तोंडात शिव्या देत मी रंग खरवडला, वायर आवळली. बटण दाबताच गाडी सुरू झाली.

टाकीवरनं हात फिरवत तात्या माझ्यावरच डाफरले, "दसऱ्याला पेढे खायला आलतास, तवा का नाही बघितलंस?"