हिरवा ड्रम

रोशनीनं हिरव्या ड्रमाचा दांडा धरला, तशा मालनबाई अंबाडीची भाजी निवडणं अर्धवट टाकून उठल्या आणि आत निघून गेल्या. रोज हेच व्हायचं. लोखंडी घोडीवर आडवा बसवलेला तो ड्रम गडगडत फिरायला लागला, की सासूबाई आत. जाताना पदर नाकाला.

ड्रम रोशनीनंच आणला होता. हैदराबादच्या तारनाका भागातल्या त्यांच्या घरापुढं अरुंद का होईना, मातीची एक पट्टी होती. तिथं कढीपत्ता, वांगी, अंबाडी आणि भिंतीलगत मोगरा. रोशनी बँकेत नोकरीला. जन्म, शाळा, कॉलेज सगळं याच शहरातलं. भाजीची देठं, फळांची सालं, सुकलेला पाला ड्रमात टाकायचा, रोज थोडे गरके द्यायचे, की काही आठवड्यांनी खत होतं, एवढंच तिला ठाऊक होतं. पण त्यात तिचा जीव रमला होता. बँकेतून आल्यावर चपला काढायच्या आधी ती झाकण उघडून आत डोकवायची.

सासू-सासरे, नवरा आणि ती, अशा चार माणसांचा स्वयंपाक होऊनही सालं मात्र कमीच पडायची. एका सकाळी ती नेहमीपेक्षा लवकर उठली, तर मालनबाई फाटकाशी उभ्या होत्या. सालांनी भरलेली पिशवी त्या कचऱ्याच्या गाडीवाल्याच्या हातात देत होत्या. रोशनीला ते लागलं. लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते. आपण हौसेनं आणलेली वस्तू आईंना डोळ्यांसमोर नको, मग आपलं तरी काय, असं तिच्या मनात येऊन गेलं.

संध्याकाळी तिनं सासऱ्यांना विचारलं. तातेराव रेल्वेतून निवृत्त झालेले, मोजकं बोलणारे. ते पायरीवर बसले आणि हळूहळू सांगू लागले. मालनबाईंची आई परभणीकडच्या एका खेड्यात मोठ्या जमीनदाराचा उकिरडा उपसायची. खताच्या पाट्या डोक्यावरून त्याच्या शेतात नेऊन टाकायची. लहानगी मालन छोटी पाटी घेऊन तिच्या मागं चालायची. पाटीतून गळणारं काळं पाणी मानेवरून पाठीत उतरायचं. वास यायचा म्हणून शाळेत पोरी शेजारी बसायच्या नाहीत. दुपारची भाकरी जमीनदाराच्या दारात वरूनच पदरात टाकली जायची.

"लग्न होऊन इथं आली तव्हा एकच म्हणली मला," तातेराव म्हणाले. "माझ्या लेकराच्या हाताला खताचा वास लागू द्यायचा नाही."

त्या दिवशी रोशनीनं ड्रम फिरवला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही.

रविवारी सकाळी ती मालनबाईंसमोर येऊन उभी राहिली. मला माहीत नव्हतं, आई, म्हणाली. आत तयार झालंय तेवढं काढते आणि ड्रम बँकेतल्या मैत्रिणीला देऊन टाकते. मालनबाईंनी तातेरावांकडं एकदा पाहिलं आणि त्या पायरीवर बसल्या.

रोशनीनं खाली गोणपाट अंथरलं, झाकण उघडलं आणि ड्रमाचं तोंड खाली केलं. काळं, भुसभुशीत खत घसरत खाली आलं. मालनबाईंचा हात सवयीनं पदराकडं गेला आणि तिथंच थांबला. घाण येत नव्हती. नुसता ओल्या मातीचा वास होता.

सून उकिडवी बसून उघड्या हातांनी टोपलं भरत होती. नखं काळी झाली होती, केस कपाळाला चिकटले होते. दमली की थांबत होती, पाणी पीत होती, पुन्हा बसत होती. तिच्या डोक्यावर कुणी उभं नव्हतं.

बराच वेळ बघून मालनबाईंनी विचारलं, "हे कुणाच्या झाडाला घालायचं?"

रोशनीला प्रश्नाचा रोख कळला नाही. "आपल्याच की, आई. दुसऱ्या कुणाच्या?"

मालनबाई उठल्या. पदर कमरेला खोचून सुनेशेजारी बसल्या. आधी नुसतं बोट लावून पाहिलं, मग ओंजळ भरली. वांग्याच्या बुडाशी आळं करून खत पसरलं, वरून माती ओढली. मग दुसरं वांगं, मग अंबाडी, मग मोगरा. रोशनीनं मैत्रिणीला फोन लावायला मोबाइल उचलला, तेव्हा त्यांनी मान वर न करता सांगितलं, की फोन राहू दे, ओट्यावर मेथीच्या काड्या ठेवल्यात, त्या आधी आण.

कुंपणापलीकडून हे सगळं सरला गारू बघत होत्या. शेजारच्याच घरातल्या, सगळे तेलुगू रीतीनं आदरानं 'गारू' म्हणायचे अशा, शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, गुलाबांच्या शौकीन. त्या रिकामं टोपलं घेऊन कुंपणाशी आल्या आणि थोडं खत मिळेल का म्हणून रोशनीला विचारू लागल्या. रोशनीनं सासूबाईंकडं बोट दाखवलं. आईंना विचारा, त्यांचं आहे.

सरला गारू वळल्या, टोपलं दोन्ही हातांत धरून अदबीनं म्हणाल्या, "अम्मा, हमारे गुलाब को थोडा देते क्या?"

मालनबाईंचे हात थांबले. खत मागायला कुणी आपल्या दारी येऊन उभं राहील, हे त्यांच्या कधी स्वप्नातही आलं नव्हतं. त्यांनी टोपलं घेतलं. दोन्ही हातांनी भरलं, दाबलं, पुन्हा शिगोशीग भरलं. आणि कुंपणावरून देताना, इतक्या वर्षांत जिभेवर बसलेल्या हैदराबादी बोलीत म्हणाल्या,

"लेलो जी. अपने घरकाच है."