कौंडण्यपूरची आजी

बारावीत दोनदा नापास झालेल्या पिंकीने अकोल्यात सहा महिन्यांचा रुग्णसेवेचा कोर्स केला. इथेही नापास झालीस तर यंदाच लग्न, असं बाबांनी तिला बजावलं होतं.

प्रात्यक्षिक परीक्षेला खाटेवर रबरी पुतळा ठेवला होता. तो अंथरुणाला खिळलेली म्हातारी आहे असं समजून त्याला कुशीवर वळवायचं होतं. आधीच्या अकरा मुलींनी एक शब्दही न बोलता काम उरकलं. पिंकीने मात्र पुतळ्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"आजी, गाव कोनतं तुमचं? कौंडण्यपूर? अवं, मंग त तुमी आमच्या मावशीच्या गावच्या निघाल्या! चला, हळूच कुशीवर व्हा. दुखलं त मले सांगा."

"अगं, पुतळा आहे तो!" नागपूरहून आलेले परीक्षक खेकसले.

"सर, हळू बोला नं. आत्ताच डोळा लागून राहिला त्यायचा. तुमी जरा बाहेर थांबा बरं."

परीक्षकांनी पन्नासपैकी पन्नास गुण लिहिले आणि पाय न वाजवता ते बाहेर आले.



दाराशी उभ्या असलेल्या शिक्षिकेला त्यांनी दबक्या आवाजात विचारलं, "आजींचा मुलगा भेटायला येतो का कधी?"